मापाड्याची नात

धान्य मोजताना 'एक' म्हणायचं नसतं. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अप्पारावांनी उभी हयात हेच केलं. ते मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आडतीवर उतरला की तो काट्यावर तोलायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले, आकडे आपोआप लाल दिव्यांत उमटायला लागले, तरी पहिलं पोतं काट्यावर चढलं की अप्पारावांच्या तोंडून खणखणीत 'लाभ' निघायचाच. आता काम सुटलंय, पण जीभ सुटलेली नाही. जिन्याच्या पायऱ्या असोत, बाजारातून आणलेली लिंबं असोत की रक्तदाबाच्या गोळ्या असोत, त्यांची मोजणी लाभापासूनच सुरू होते.

साहजिकच त्यांची नात सुजाता मोजायला शिकली तीही तशीच. अडीच वर्षांची ती बया आजोबांचं, तिच्या आबांचं, बोट धरून जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घराचा अरुंद जिना उतरायची, तेव्हा खाली गल्लीत उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही ऐकू जायचं, "लाभ! दोन! तीन!" तिच्या आईला, प्रीतीला, याचं हसूही यायचं आणि काळजीही वाटायची. प्रीती मंठ्याच्या एका शाळेत शिकवते. सासऱ्याला मामा म्हणायची तिच्या माहेरची पद्धत.

"मामा, उद्या शाळेत बाई हिला एकापासून म्हणायला लावतील ना."

"बाईला सांग, आमच्या घरात एक न्हाईच," अप्पाराव म्हणायचे. "आमची सुरुवातच लाभापासून हाय."

अप्पाराव उंचीनं बेताचे. बेताचे हा सभ्य शब्द झाला. मोंढ्यातले हमाल सभ्य नव्हते, ते त्यांना 'छटाक' म्हणायचे. जुन्या काळातलं ते इवलंसं वजन. जुन्या काट्याची दांडी नीट दिसावी म्हणून अप्पारावांना पायाखाली एक लाकडी खोकं घ्यावं लागायचं, आणि ते खोकं रोज सकाळी कुणीतरी लपवून ठेवायचं. मग सगळा मोंढा हसायचा, अप्पारावही हसायचे, आणि खोकं शोधायला लागायचे. त्यांच्या लग्नाच्या फोटोत कांताबाई खुर्चीवर बसल्या आहेत आणि अप्पाराव शेजारी उभे आहेत. तेव्हा नवरा बसायचा आणि बायको उभी राहायची. इथं उलटं का, हे घरात कुणी विचारत नाही, कारण कांताबाई उभ्या राहिल्या असत्या तर काय दिसलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. एवढ्या वर्षांत अप्पारावांनी या गोष्टीबद्दल कधी कुणाशी चकार शब्द काढला नाही. पण मुलगा संघपाल शाळेत उंचीप्रमाणं लावलेल्या वर्गाच्या रांगेत सगळ्यात पुढं उभा राहायला लागला, त्या वर्षी स्नेहसंमेलनाला ते गेले नव्हते.

संघपाल आता स्टीलच्या कारखान्यात आहे, पाळ्यांवर जातो. प्रीती सकाळच्या बसनं मंठ्याला निघते. कांताबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. म्हणून सुजाता दिवसभर अप्पारावांच्या वाट्याला आली, आणि खरं सांगायचं तर म्हातारपणात एवढी मोठी चंगळ त्यांनी कधी मागितली नव्हती.

दुपारी ते गॅलरीत ताट घेऊन बसायचे. ज्वारीची भाकरी, पिठलं, कधी मेथीची भाजी. सुजाता खेळत खेळत यायची, त्यांच्या मांडीला टेकायची आणि ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकायची. कधी दोन तुकडे खायची, कधी अर्धी भाकरी फस्त करायची, कधी नुसता पिठल्यात हात बरबटून पळून जायची. कुणी मोजत नव्हतं. जेवण झालं की अप्पाराव तिला दोन्ही काखांत धरून वर उचलायचे, काट्यावर तोलल्यासारखी खालीवर करायचे आणि ओरडायचे, "बराबर भरली!" ती खिदळून खिदळून बेजार व्हायची.

मग एके दिवशी प्रीती तिला तपासणीला घेऊन गेली आणि अप्पारावही सोबत गेले.

मुलांच्या डॉक्टर रजनीबाईंकडं त्या दिवशी गर्दी होती. सुजाताचं वजन झालं, भिंतीला टेकवून उंची झाली. डॉक्टरांनी एका छापील तक्त्यावर टिंब टाकलं. त्या तक्त्यावर खालून वर चढत जाणाऱ्या वाकड्या रेघा होत्या. डॉक्टर प्रीतीला म्हणाल्या, "दहावा पर्सेंटाइल. ठीक आहे, चालू द्या." आणि पुढचं मूल आत आलं.

बाहेर आल्यावर अप्पारावांनी काउंटरवरच्या मुलीला तक्ता दाखवून विचारलं, "ताई, ही मधली ठळक रेघ कोणती?"

"ती पन्नासावी, आजोबा."

झालं. अप्पारावांना एवढं पुरलं. आयुष्यभर त्यांनी पन्नास किलोची पोती तोलली होती. पोत्याची भरती, म्हणजे ठरलेलं वजन, पन्नास. त्याखाली जे असेल ती घट. पन्नासाच्या ठिकाणी दहा भरलं तर त्या पोत्याला काय म्हणायचं? आणि डॉक्टरांनी 'ठीक आहे, चालू द्या' म्हटलं होतं, त्याचीही त्यांना धास्ती बसली. कारण मोंढ्यात व्यापारी माल मुठीत घेऊन 'ठीक आहे, चालतंय' म्हणाला की समजायचं, माल हलका आहे. प्रीतीला विचारलं असतं तर तिनं नीट सांगितलं असतं. पण सुनेला विचारायचं तरी काय, की तुझी पोर माझ्यासारखीच छटाक निघाली का म्हणून? रिक्षात सुजाता त्यांच्या मांडीवर झोपली आणि त्यांना पहिल्यांदाच ती हलकी लागली.

दुसऱ्या दिवसापासून भरती सुरू झाली.

सकाळी तुपातला शिरा, मग केळं, मग दूधभात, मग खीर. तिचं नाव सुजाता ठेवलं होतं ते बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातावरून, आणि ही बाई खिरीची वाटी दिसली की तोंड फिरवायची. अप्पाराव वाटी घेऊन मागं मागं फिरायचे. कधी गल्लीतली शेळी दाखवायचे, कधी मोबाईलवर गाणं लावायचे, आणि पोरीचं लक्ष तिकडं गेलं रे गेलं की चमचा तोंडात. "लाभ! शाबास. दोन! गिळ, गिळ. तीन!" तोंडातला घास ती तसाच गालात धरून बसायची. मग एका हातानं हनुवटी धरायची आणि दुसऱ्या हातानं चमचा.

"अवो, पोर हाय ती, पोतं न्हाई," कांताबाई आतून ओरडायच्या.

"तुला काय कळतंय? ती दहावर हाय, दहावर!"

कांताबाईंना दहा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण नवऱ्याचा आवाज असा कधी चढत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी विषय सोडला.

दिवसाआड अप्पाराव तिला कडूबाच्या दुकानात न्यायचे. कडूबा एके काळचा हमाल, आता त्याचं गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं छोटं दुकान आहे. काट्यावर सुजाता उभी राहायची. अप्पाराव फ्रॉकचं आणि सँडलचं वजन मनातल्या मनात वजा करायचे, भरल्या मालातून बारदाना, म्हणजे रिकामं पोतं, वजा करतात तसं. एकदा कडूबा हसत म्हणाला, "अप्पा, नात तुमच्यावरच गेली की! छटाकाची छटाक!"

एवढ्या वर्षांत अप्पाराव त्या शब्दावर कधी रागावले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी नातीला उचललं आणि तडक घरी आले. येताना डोळे भरून आले होते. आपल्याला म्हटलं ते म्हटलं. पण उद्या हिचं खोकं कुणी लपवायचं, आणि हिनं हसत हसत शोधत फिरायचं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी वाटीत एक चमचा तूप जास्त घातलं.

आणि वजन वाढेना. वाढेना काय, ते उतरायला लागलं. सुजाताला उलट्या व्हायला लागल्या. 'लाभ' हा शब्द कानावर पडला की ती दोन्ही हातांनी तोंड झाकायची. जिना उतरताना मोजणं तिनं बंद केलं. अप्पाराव स्वयंपाकघरातून बाहेर आले की ती दाराआड लपायची, आणि वाटी त्यांच्या हातात नसली तरी लपायची. दुपारी ते ताट घेऊन गॅलरीत बसले की ती आजीच्या पदराआड जाऊन बसायची. त्यांनी उचलायला हात पुढं केले की अंग चोरायची.

हे शेवटचं प्रीतीनं पाहिलं. त्या रविवारी ती घरी होती. तिनं रात्री जेवणं झाल्यावर सासऱ्यासमोर बसून हळूच विषय काढला.

"मामा, रागावू नका. आमच्या शाळेतल्या एका बाईंची बहीण इथं पाळणाघर चालवते. थोडे दिवस सुजीला तिथं ठेवून बघावं म्हणते."

"माझ्यापाशी काय कमी पडून राह्यलं तिला?"

"कमी न्हाई पडत, मामा. तुम्ही दमून जाता. आणि ती..." प्रीतीनं आवाज खाली आणला. "ती तुमाला भिऊन राह्यली, मामा."

संघपाल खाली मान घालून बसला. शेवटी कांताबाई म्हणाल्या, "आधी डॉक्टरला दाखवा. मंग पाळणाघराचं बघू." तेवढ्यावर बोलणं थांबलं. अप्पाराव अंथरुणावर पडले ते डोळे उघडे ठेवूनच. पोर दिवसभर दुसऱ्या कुणाच्या घरी, आणि आपण गॅलरीत एकटे ताट घेऊन बसलोय, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याहून वाईट म्हणजे, सून बोलली ते खरं होतं.

या वेळी रजनीबाईंकडं गर्दी नव्हती. प्रीती, अप्पाराव आणि त्यांच्याकडं न बघणारी सुजाता. डॉक्टरांनी तिला तपासलं, झोप कशी, खेळते कशी, पोट साफ होतं का, सगळं विचारलं. मग वजन केलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी तक्ता समोर घेतला. जन्मापासूनची सगळी टिंबं त्यावर होती, पण ती जोडायला आजवर कुणाला सवड झाली नव्हती. रजनीबाईंनी पेन्सिल घेतली आणि टिंबामागून टिंब जोडत गेल्या. रेघ दहाव्या रेघेला धरून सरळ चढत आली, आणि शेवटच्या टिंबाला खाली वळली.

"हे बघा," त्या प्रीतीला म्हणाल्या. "पोरगी आजपर्यंत आपल्या वाटेनं छान चालली होती. आत्ताच खाली आलीय. मध्यंतरी आजारी होती का?"

"न्हाई," प्रीती म्हणाली.

"मग काय झालं?"

अप्पाराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "ते म्या केलं, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "ती दहावर होती ना. तिला पन्नासावर न्यायला गेल्तो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिरा, खीर, मोबाईल, हनुवटी धरणं, कडूबाचा काटा. काही लपवलं नाही. प्रीती त्यांच्याकडं बघत राहिली. तिला यातलं अर्धंही माहीत नव्हतं.

रजनीबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "आजोबा, चूक माझीपण आहे. मी त्या दिवशी घाईत 'दहावा' म्हणाले आणि तुम्हाला समजावलं नाही. आता ऐका. सुजाताच्या वयाच्या शंभर मुली आणल्या आणि कमी वजनापासून जास्त वजनापर्यंत रांगेत उभ्या केल्या. त्यात ही साधारण दहावी. एवढाच त्याचा अर्थ. तिला शंभरातले दहा मार्क नाही पडलेत."

"पण मंग पन्नासावी बराबर ना? भरती ती ना?"

"पन्नासावी म्हणजे रांगेतली मधली. भरती नाही, नुसती मधली. शंभर जणींची रांग असली की अर्ध्या तिच्या अलीकडं असणारच. सगळ्यांना मध्ये कसं उभं करणार?"

अप्पारावांनी विचार केला. हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला. पोती सगळी सारखी भरायची असतात म्हणून भरती ठरवतात. लेकरांची भरती कुणी ठरवली?

"मग हा तक्ता कशाला?" त्यांनी विचारलं.

"रेघ सुटते का ते बघायला. दहावर चालणारं मूल दहावर चालत राहिलं, खेळतं-बागडतं असलं, तर बिनघोर राहायचं. नव्वदावरचं मूल घसरत तिसावर आलं तर मात्र मी त्याच्या आईला बोलावून घेते, मग ते दिसायला कितीही गुबगुबीत असो. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी नाही करायची. त्याच्या कालच्या टिंबाशी करायची. आणि उंचीचं म्हणाल तर ते घराण्यातून येतं. आई-बाबांची उंची किती?"

प्रीतीनं आपली सांगितली, संघपालची सांगितली. मग अप्पाराव मधेच म्हणाले, "माझी बी मोजा."

त्याची खरं तर काही गरज नव्हती. पण रजनीबाईंना त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्या नाही म्हणाल्या नाहीत. अप्पारावांनी चपला काढल्या आणि लहान मुलांची उंची मोजायच्या त्या भिंतीला, रंगवलेल्या जिराफाशेजारी, पाठ लावून ताठ उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते आपणहून कुणापुढं मोजून घ्यायला उभे राहिले होते. डॉक्टरांनी पट्टी डोक्यावर टेकवली. सुजाता आईच्या कडेवरून टक लावून बघत होती. आबांनाही इथं उभं करतात, हे तिला नवीन होतं.

"बघा," रजनीबाई हसून म्हणाल्या, "ती कुठल्या वाटेनं चालली ते आता कळलं ना? तुमच्या घरची वाट आहे ती. आणि तुम्ही तर ठणठणीत दिसताय."

"पण बाई," अप्पारावांचा आवाज बारीक झाला, "लोक हसतात हो."

यावर डॉक्टरांकडं काही तक्ता नव्हता. प्रीतीच बोलली. "मामा, तुमाला हसले तेव्हा घरी कुणी तुमच्या बाजूनं उभं नव्हतं का?"

"माय होती," अप्पाराव म्हणाले.

"मंग हिला आपण सगळे हाओत."

निघताना रजनीबाईंनी ताकीद दिली. घरी काटा नको. मोबाईल दाखवून भरवायचं नाही, हनुवटी धरायची नाही. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं; किती खायचं ते तिचं तिला ठरवू द्यायचं. महिन्यानं पुन्हा दाखवायचं. रिक्षात बसल्यावर अप्पारावांनी विचारलं, "पाळणाघराचं काय ठरवलंस?" प्रीती म्हणाली, "बघू, मामा. आठ दिवस बघू." तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पाराव पूर्वीसारखे गॅलरीत ताट घेऊन बसायला लागले. सुजातासाठी एक छोटी ताटली शेजारी ठेवायची, आणि बोलवायचं नाही. काम सोपं दिसतं. पण ज्या माणसानं जन्मभर पुकारा केला त्याला गप्प बसणं किती जड जातं, ते त्यांनाच विचारावं. पोरगी आजीच्या आड बसून बघायची. अप्पाराव मान खाली घालून जेवायचे. कांताबाई ताटली पुन्हा आत न्यायच्या आणि सुजाता आत जाऊन त्यातलंच थोडं खायची. म्हणजे भूक होती. फक्त ती अप्पारावांपाशी येत नव्हती. "खाऊन तर राह्यली ना," कांताबाई समजूत घालायच्या. "खाऊन राह्यली," अप्पाराव म्हणायचे आणि उरलेली भाकरी तशीच ताटात ठेवायचे.

असेच काही दिवस गेले. शनिवारी प्रीतीची सकाळची शाळा होती, ती दुपारीच परतली. जिना चढून दाराशी चपला काढत होती तोच तिला गॅलरीतलं दिसलं आणि ती तिथंच थबकली.

अप्पाराव ताटापुढं बसले होते. भाकरी तशीच होती. ते नुसतेच बाहेर बघत होते. सुजाता आजीजवळून उठली, दोन पावलं आली, थांबली. मग पुन्हा दोन पावलं. तिनं त्यांच्या दोन्ही हातांकडं नीट बघून घेतलं. चमचा नव्हता. वाटी नव्हती. मग ती त्यांच्या मांडीला टेकून बसली, पूर्वी बसायची तशी. अप्पाराव हलले नाहीत. हललं तर उडून जाईल अशी चिमणी येऊन बसल्यासारखे ते श्वास धरून राहिले.

सुजातानं त्यांच्या ताटातली भाकरी दोन्ही हातांनी मोडली. पिठल्यात तुकडा बुडवला, अर्धं पिठलं फ्रॉकवर सांडलं. तुकडा तिनं स्वतःच्या तोंडाकडं नेला, आणि काय वाटलं कोण जाणे, आबांच्या न खाल्लेल्या ताटाकडं बघितलं. मग हात वळवला आणि तो तुकडा त्यांच्या ओठांशी धरला.

"लाभ," ती म्हणाली.

अप्पारावांनी तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी गालावरून थेट मिशीत उतरलं, पण ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. ते मुकाट्यानं चावत राहिले. सुजातानं दुसरा तुकडा मोडून आपल्या तोंडात टाकला, तो चावता चावता तिसरा मोडला आणि पुन्हा त्यांच्यापुढं धरला.

"दोन," ती म्हणाली. "आबा, गिळ."